व्हेंटिलेटर कधी निघणार? आयसीयूबाहेर बसलेल्यांसाठी

रातराणी
भेटीच्या वेळेला आयसीयूच्या दाराशी नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज किती टक्क्यांवर आहेत?" परवा साठ होते, आज चाळीस झाले, म्हणजे उद्या-परवाकडे मशीन निघेल, असा हिशोब घरचे मांडतात आणि गावाकडे फोन करून सांगूनही टाकतात. मग आकडा चाळीसवरच अडून बसतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. मी ठाण्यात बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. हा हिशोब दर महिन्याला कुणा ना कुणाला समजावते, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

ती टक्केवारी नुसती ऑक्सिजनची असते. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, मशीन तो १०० टक्क्यांपर्यंत देऊ शकतं. आकडा ४० वर आला म्हणजे फुप्फुसं बऱ्यापैकी ऑक्सिजन घेऊ लागली. चांगलीच गोष्ट आहे. पण श्वास ओढायचे कष्ट पेशंट किती करतोय आणि मशीन किती करतंय, हे त्या आकड्यात दिसत नाही. जीबीएसच्या (गियाँ-बारे, नसांचा आजार, ज्यात स्नायू लुळे पडतात) पेशंटची फुप्फुसं कित्येकदा चांगली असतात, ऑक्सिजन २५ टक्क्यांवर असतो, पण श्वासाच्या स्नायूंत ताकदच नसते. असा पेशंट महिना-महिना मशीनवर राहू शकतो.

तेव्हा टक्के विचारू नका. सकाळचा राउंड झाला की डॉक्टरांना हे विचारा: गुंगीचं औषध आज थांबवलं होतं का? स्वतःहून श्वास घ्यायची ट्रायल झाली का? झाली नसेल तर कशामुळे अडली?

आमच्याकडे सकाळी औषध बंद करतात आणि पेशंट डोळे उघडतो का, "हात दाबा" म्हटल्यावर दाबतो का, ते बघतात. ज्या आजारासाठी मशीन लावलं तो उताराला लागलेला हवा. ऑक्सिजन साधारण ४० टक्के किंवा त्याहून कमी, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) ५ ते ८, बीपी टिकवायचं औषध बंद किंवा अगदी थोडं चालू, आणि पेशंट स्वतः श्वास ओढायला बघतोय, एवढं जुळलं की ट्रायल. घशात घातलेली मशीनची नळी तोंडातच राहते. एक तर मशीन काढून नळीला टी-पीस (टी आकाराचा जोड) जोडतात आणि त्यातून ऑक्सिजन सोडतात, नाहीतर मशीनवरच ठेवून प्रेशर सपोर्ट, म्हणजे प्रत्येक श्वासाला मशीन देतं तो टेकू, ५ ते ८ पर्यंत उतरवतात. अर्धा तास, फार तर दोन तास.

त्या वेळात माझी नजर मॉनिटरपेक्षा पेशंटच्या गळ्यावर असते. गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वर जो खळगा असतो तो प्रत्येक श्वासाला आत खेचला जातोय का? छाती वर येताना पोट आत जातंय का? नाकपुड्या फुलतायत का, कपाळाला घाम आलाय का? मॉनिटर पुष्कळदा नंतर ओरडतो, गळा आधी सांगतो. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेले, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली आला, नाडी १४० च्या पुढे गेली किंवा पेशंट घाबराघुबरा झाला, की ट्रायल थांबवायची आणि परत मशीनवर घेऊन त्याला आराम द्यायचा. पुढची ट्रायल सहसा दुसऱ्या दिवशी.

"ट्रायल फेल गेली" हे शब्द ऐकून लोक दाराबाहेर रडतात. रडू नका. ट्रायल थांबवावी लागली म्हणजे पेशंट खालावला असं मुळीच नाही. काळजी त्या पेशंटची करावी ज्याची ट्रायल कित्येक दिवस घेतलीच गेलेली नाही आणि का नाही घेतली हे कुणालाच सांगता येत नाही.

---

नौपाडाकर
फार गरजेचा धागा. आमची सौ. जीबीएसमुळेच बराच काळ व्हेंटिलेटरवर होती. टक्क्यांचा घोळ आम्हीही घातला होता. सविस्तर रात्री लिहितो.

---

खाडीपलीकडे
ताई, अगदी वेळेवर वाचलं. आम्ही ऐरोलीचे, बाबा ठाण्यात ॲडमिट आहेत. उभी नोकरी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात गेली, जोडीला बिडी. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आधीपासून होताच, त्यात न्यूमोनिया झाला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. आता न्यूमोनिया बरा आहे म्हणतात. दोन ट्रायल झाल्या. दोन्ही वेळा पहिली वीस-पंचवीस मिनिटं एकदम व्यवस्थित. मग बीपी चढतं, धाप लागते, परत मशीन.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रक्ताच्या रिपोर्टमध्ये कार्बन डायऑक्साइड ५५ आहे, नॉर्मल ३५ ते ४५ असं छापलंय. डॉक्टर म्हणतात यांच्यासाठी ५५ ठीक. ठीक कसं? आणि आता ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून थेट श्वासनलिकेत नळी घालायचा विषय काढलाय. आई म्हणते, गळ्याला भोक पाडू देणार नाही. तिला काय सांगू?

---

येऊर
मी इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा डॉक्टर आहे, नवी मुंबईत काम करतो. तुमचे बाबा मी तपासलेले नाहीत, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लिहिलेलं चित्र आमच्या ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ५५. जुन्या सीओपीडीत शरीर वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडला सरावलेलं असतं. किडनी बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) साठवून रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचा तोल, सांभाळते. अशा पेशंटचा आकडा मशीन जोरात चालवून ४० वर आणला, तर रिपोर्ट देखणा दिसतो, पण किडनी ते साठवलेलं बायकार्बोनेट टाकून देते. मग ट्रायलला पेशंट आपल्या नेहमीच्या ५५ वर गेला की रक्त आम्लधर्मी होतं आणि धाप लागते. पीएच चांगला असेल तर ५५ हीच त्यांची बैठक. रक्तातला ऑक्सिजनही अशा लोकांत ८८ ते ९२ टक्के पुरतो. शंभरच्या मागे लागायचं नसतं.

आता वीस-पंचवीस मिनिटांनी बीपी चढणं. असं झालं की मी फुप्फुस बाजूला ठेवून हृदयाकडे बघतो. मशीन छातीत दाबाने हवा ढकलतं, त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त थोडं कमी असतं आणि डाव्या कप्प्याचं कामही हलकं होतं. ट्रायलला तो दाब जातो, रक्त भरभरून परत येतं, डाव्या कप्प्यावरचा भार वाढतो. कप्पा कमजोर असेल किंवा अंगात पाणी जास्त असेल, तर फुप्फुसात पाणी उतरतं. हे पहिल्या पाच मिनिटांत होईलच असं नाही. तेव्हा विचारा: ट्रायलच्या आधी आणि शेवटी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला का? ॲडमिट झाल्यापासून अंगात किती पाणी साठलंय? इनटेक-आउटपुट चार्टवर ते असतं. काही लिटर जास्त असेल तर लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊन, पोटॅशियम सांभाळत ते उतरवतात. अशा पेशंटचा व्हेंटिलेटर कधीकधी निव्वळ पाणी काढल्यावर निघतो.

सीओपीडीत आणखी एक सोय आहे. नळी काढल्याबरोबर, धाप लागायची वाट न बघता, बायपॅपचा (नळीशिवाय, मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) मास्क लावायचा. हे आधीपासून ठरवलेलं हवं. बाबांच्या डॉक्टरांच्या मनात हे असेलच, तरी विचारून घ्या.

ट्रॅकिओस्टॉमीबद्दल ताई लिहितीलच.

---

तलावपाळी
सगळं खरं असेल, पण मला एक सांगा. व्हेंटिलेटरचं बिल रोजचं असतं. माझे काका घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात होते. जेव्हा जावं तेव्हा गुंगीत. विचारलं की "शांत आहेत, त्रास नाही". कधी जागं केलं, कधी ट्रायल घेतली, कुणी सांगायचं नाही. आम्ही काय समजायचं?

---

रातराणी
तुमचा राग मला कळतो. त्या हॉस्पिटलचं मला ठाऊक नाही. पण रात्रपाळीचं खरं सांगते. एका सिस्टरकडे एक किंवा दोनच व्हेंटिलेटरचे पेशंट असले तर तिला पेशंट जागा ठेवता येतो. तीन-चार असले की जागा पेशंट नळीला हात घालेल ही भीती असते, मग औषधाचा पंप वाढतो. सकाळी तो कमी करायची आठवण एकाने तरी करून द्यायला हवी. ती आठवण नातेवाईकांनी करून दिली तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. "शांत आहेत" हे उत्तर पुरेसं मानू नका.

---

येऊर
यात भर घालतो. २००८ साली लॅन्सेटमध्ये गिरार्ड आणि सहकाऱ्यांची एक चाचणी आली. एका गटाला रोज सकाळी गुंगी थांबवून लगेच श्वासाची ट्रायल, दुसऱ्या गटाला नेहमीची गुंगी आणि ट्रायल. पहिल्या गटाचे पेशंट २८ दिवसांत सरासरी ३ दिवस जास्त मशीनविना राहिले, आणि वर्षभरानंतर त्यांतले जास्त जण जिवंत होते. जागं केलेल्यांत स्वतःच नळी उपसणारे जास्त निघाले, हेही खरं. पण परत नळी घालावी लागणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही.

त्याच वर्षी श्वासपटलाबद्दलही, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूबद्दलही कळलं. मशीन सगळं काम करत असेल तर १८ ते ६९ तासांतच श्वासपटलाचे तंतू बारीक झालेले दिसले. पाय प्लास्टरमध्ये राहिला की पिंढरी उतरते, तोच प्रकार, फक्त फार वेगाने. म्हणून विनाकारण दिलेला आराम पेशंटला महागात पडतो.

तलावपाळी, रेकॉर्डचंही सांगतो. डॉक्टरांसाठी २००२ चे नियम आहेत. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने लेखी मागणी केली की ७२ तासांत केसपेपर द्यावे लागतात. व्हेंटिलेटर चार्ट आणि गुंगीच्या औषधाचा चार्ट त्यात मागा. भांडणाच्या आधी ते वाचून घ्या. ट्रायल रोज झालेली असेल तर मनातली शंका तिथेच फिटते, झालेली नसेल तर बोलायला आधार मिळतो.

---

पारसिक
आयसीयू फिजिओ, वाशी. रातराणीताई, बाकी सगळं पटलं. पण टी-पीस आणि प्रेशर सपोर्ट तुम्ही एकाच ओळीत टाकलेत. मला टी-पीस जास्त खरा वाटतो. मशीनचा कसलाच टेकू नाही, जे आहे ते समोर दिसतं.

---

येऊर
पारसिक, खरा आहे हे मान्य, पण गरजेपेक्षा कडक आहे. २०१९ च्या स्पेनमधल्या मोठ्या चाचणीत अर्धा तास प्रेशर सपोर्ट ८ विरुद्ध दोन तास टी-पीस अशी तुलना झाली. नळी यशस्वीपणे निघाली ती ८२ टक्के विरुद्ध ७४ टक्के, आणि प्रेशर सपोर्टवाल्यांना परत नळी घालावी लागण्याचं प्रमाण वाढलं नाही. दोन तास टी-पीसवर दमवून आपण काही चांगले पेशंटही मागे ठेवतो. हृदय कमजोर असेल तिथे मात्र मी टी-पीसच घेतो, कारण मला तो भार बघायचाच असतो. खाडीपलीकडे यांच्या बाबांना टी-पीसवर बघणं मला योग्य वाटतं.

यापेक्षा जुना आणि मोठा धडा १९९५ चा, एस्तेबान यांचा. मशीनचे श्वास हळूहळू कमी करत न्यायचे, १२ वरून १०, मग ८, ही पद्धत तेव्हा सर्रास होती. रोज एकदा सरळ ट्रायल घेणारे पेशंट त्या पद्धतीपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने मशीनवरून निघाले. तरी आजही "हळूहळू सपोर्ट कमी करतोय" असं ऐकू येतं. नातेवाईकांना तेच सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच पेशंटचे त्यात दिवस जातात.

---

पारसिक
हृदयाचा मुद्दा मान्य.

माझ्या बाजूचं थोडं. ट्रायल पास झाली तरी नळी काढण्याआधी खोकला बघावा लागतो. पेशंटला नळीतून जोरात खोकायला सांगतो. कफ पुढे येतो का? सक्शन (नळीतून कफ ओढून काढणं) दर तासाला लागतंय की दर तीन-चार तासांनी? श्वास उत्तम पण खोकला लुळा, असा पेशंट कफ साठून परत मशीनवर येतो. व्हेंटिलेटर असतानाच पलंगाच्या कडेला बसवणं, खुर्चीत बसवणं, जमलं तर उभं करणं, हे सगळं करता येतं. नळी असताना उभं केलेलं बघून घरच्यांना धक्का बसतो, पण ती क्रूरता नाही. आणि मान जरा उचलता येत नसेल तर फॉस्फेट, मॅग्नेशियम तपासलंय का, नळीतून प्रथिनं पुरेशी जातायत का, हेही विचारा.

---

खाडीपलीकडे
येऊर सर, आज इकोचं विचारलं. डॉक्टर म्हणाले आधी केला होता, ट्रायलच्या वेळी केला नव्हता, उद्या टी-पीसवर ठेवून करू. पाणी बरंच जास्त निघालं, लॅसिक्स सुरू केलंय. आईला सर्व सांगितलं. ट्रॅकिओस्टॉमीला ती अजून नाहीच म्हणते.

---

रातराणी
आईंना घाई करायला सांगू नका आणि घाबरवूही नका. ब्रिटनमधली मोठी ट्रॅकमॅन चाचणी २०१३ मध्ये छापून आली. पहिल्या चार दिवसांत ट्रॅकिओस्टॉमी केलेले आणि दहा दिवस थांबून गरज पडली तरच केलेले, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. थांबलेल्या गटातल्या पुष्कळ जणांना तर शेवटी ती लागलीच नाही. बाबांचं पाणी उतरवून, इको बघून, बायपॅपच्या तयारीनिशी आणखी एक-दोन ट्रायल घ्यायला वाव आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारा.

आणि करावीच लागली तर ती हार मानू नका. तोंडातली नळी गेली की गुंगीचं औषध बहुतेकांना लागतच नाही. तोंड धुता येतं, ओठ हलवून बोलता येतं. दिवसा काही तास मशीन काढायचं, रात्री लावायचं, असं करत पुढे जाता येतं, दमला तर परत नळी घालायची धास्ती नाही. पुढे बोलण्याचा व्हॉल्व्ह लावला की आवाज फुटतो. काम झालं की नळी काढतात, जागा सहसा आपोआप बुजते. आईंना एकदा असा पेशंट दाखवता आला तर बघा. आमच्या वॉर्डात मी घरच्यांची परवानगी घेऊन दाखवते. डोळ्यांनी बघितल्यावर माणूस सावरतो.

---

नौपाडाकर
काल म्हटल्याप्रमाणे लिहितो. आमच्या सौ.ला ट्रॅकिओस्टॉमी झाली होती. ताई म्हणतात ते प्रत्येक अक्षर खरं आहे. आधीची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. गुंगी उतरताना ती भलतंच बघत होती. सिस्टर सलाइनमधून विष घालतायत, पलंग खाडीत चाललाय, असं तिला ठामपणे वाटत होतं. नंतर तिनेच सांगितलं. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टरांनी सांगितलं, याला डेलिरियम म्हणतात, आयसीयूत फार जणांना होतो, बहुतेकांचा उतरतो.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. तिचा चष्मा आम्ही घरी नेऊन ठेवला होता, तो परत दिला. भिंतीवर मोठ्या अक्षरात वार आणि तारीख. सिस्टर केरळच्या होत्या, मायाळू, पण हिंदीत बोलायच्या, आणि सौ. त्या अवस्थेत हिंदीला उत्तरच देत नव्हती. मग आम्ही पुठ्ठ्यावर मराठीत ठळक लिहून दिलं: दुखतंय, कफ काढा, कूस बदला, थंडी वाजते, घरचे कुठे आहेत. खाली हिंदीत तेच. ती बोट ठेवायची, सिस्टर खालची ओळ वाचायच्या. पहिल्या दिवशी तिने "कूस बदला"वरून बोट उचललंच नाही. तोवर तिच्या पाठीला रग लागल्याचं कुणालाच कळलं नव्हतं.

हात बांधले होते तेव्हा आम्ही चिडलो होतो. पुठ्ठा आल्यावर दिवसा बांधायची गरज पडली नाही, आमच्यापैकी एकजण शेजारी बसायचा.

---

रातराणी
काका, हा पुठ्ठा मी आमच्या युनिटला करून लावणार.

---

तलावपाळी
वाचतोय. नळी निघाल्यावर धोका संपला का? काकांची नळी काढली होती आणि दुसऱ्याच दिवशी परत घातली.

---

येऊर
संपत नाही. ट्रायल पास होऊन नळी काढलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांना परत नळी लागते, सगळीकडे लागते. एकालाही परत लागत नसेल तर त्या युनिटमध्ये नळ्या फार उशिरा निघत असाव्यात असं मी समजतो. पहिले ४८ ते ७२ तास डोळ्यांत तेल घालून बघायचे. घशाला सूज येऊन श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. ज्यांना ती शक्यता जास्त, त्यांच्या नळीभोवतीचा फुगा सोडून बाजूने हवा गळते का ते आधी बघतात. गळत नसेल तर काढण्याच्या किमान ४ तास आधी स्टिरॉइड सुरू करतात.

---

रातराणी
आणि कृपा करून, नळी निघाल्याच्या आनंदात चमच्याने शहाळं, चहा, तीर्थ काही देऊ नका. बरेच दिवस नळी असलेल्या पेशंटची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं, आणि काहींना ठसकासुद्धा लागत नाही. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय ओल्या कापसाने ओठ पुसण्यापलीकडे काही नको.

---

खाडीपलीकडे
कळवायला उशीर झाला. पाणी काढल्यावर टी-पीसवर ठेवून इको केला. डावा कप्पा थोडा कमजोर निघाला, गोळ्या सुरू केल्या. त्यानंतरची ट्रायल पूर्ण झाली. काल सकाळी नळी काढली आणि लगेच बायपॅप लावला. आता दिवसा थोडा-थोडा वेळ काढतात. आवाज घोगरा आहे, पण आईशी बोलले.

एक अडचण आहे. मास्कने नाकाचं हाड लाल झालंय, बाबा मास्क ओढून काढतात. आणि त्यांना ऐकायला कमी येतं, कानाचं मशीन घरी आहे. ते न्यावं का? मास्कच्या पट्ट्यात अडकेल असं वाटतं.

---

रातराणी
फार बरं वाटलं वाचून. नाकावर हायड्रोकोलॉइडची (कातडी जपणारी मऊ चिकट) पट्टी लावायला सांगा, आज रात्रीच, कातडी फाटायच्या आत. पट्टे फार आवळलेले असतील तर सैल करता येतात, थोडी हवा गळली तरी बायपॅप सांभाळून घेतो. दुसऱ्या मापाचा किंवा पूर्ण चेहऱ्याचा मास्क आहे का तेही विचारा, आलटूनपालटून लावला की एकाच जागी दाब येत नाही.

कानाचं मशीन नक्की न्या. मास्क काढलेला असेल तेव्हा आधी मशीन कानात आणि मग बोलणं. सांगितलेलं ऐकू आलं तर मास्क का लावायचा हे त्यांना पटेल, ओढाओढी कमी होईल. डबीवर नाव आणि बेड नंबर लिहा, जादा सेल ठेवा, आणि पाळी बदलताना दोन्ही सिस्टरना दाखवून ठेवा. चादरीबरोबर धुवायला गेलेली कानाची मशीनं मी बघितली आहेत.